परक्या शहरात एकटं असताना उडालेली फजिती (आणि एक खरा प्रश्न)

ओली_चटणी

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी टोकियोला जाणं झालं. बरोबरचे दोघं शुक्रवारी परतले, माझं विमान रविवारचं. अख्खा शनिवार एकटीचा! भाषेचा बंदोबस्त आधीच करून ठेवला होता. फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप, 'मी मांस, मासे, अंडी खात नाही' असं जपानीत छापलेला कागद, हॉटेलच्या पत्त्याचं कार्ड. अडचण आली ती मात्र केळ्याच्या सालीची.

सकाळी असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात गेले. वाटेत कोनबिनीतून, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, केळी घेतली. देवळाबाहेर बसून खाल्ली आणि साल टाकायला कचरापेटी शोधू लागले. संध्याकाळपर्यंत शोधत होते. देवळाच्या आवारात दिसेना, रस्त्यावर दिसेना, स्टेशनात दिसेना. गिंझा लाइनने उएनोला गेले. असाकुसा ते उएनो हा भुयारी रेल्वेचा तुकडा १९२७ सालचा, आशियातला सगळ्यात जुना. हे घरूनच वाचून गेले होते, गाडीत बसल्यावर भारावून जायचंही ठरवलं होतं. प्रत्यक्षात पर्समधल्या सालीचा वास शेजारच्या आजोबांना येतोय का, एवढंच बघत बसले. उएनोला शीतपेयांच्या यंत्राशेजारी एक पेटी दिसली. धावत गेले, तर तिला फक्त बाटली जाईल एवढं गोल भोक. कोंबावी असा मोह झाला, पण मागे एक शाळकरी मुलगी उभी होती आणि ती बघत होती.

शेवटी शिबुयाला कोबान दिसलं. कोबान म्हणजे छोटी पोलीस चौकी. तिथले पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्तेही सांगतात. मी साल काढली आणि खाणाखुणांनी विचारलं, ही कुठे टाकू? त्या तरुण पोलिसाने सालीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हॉटेलच्या कार्डाकडे पाहिलं, नकाशा पसरला आणि अतिशय नम्रपणे मला माझ्या हॉटेलचा रस्ता दाखवला.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. परक्या गावात भाषेमुळे आपली फारशी फजिती होत नाही. ती येत नाही हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे आपण जपून असतो. तोंडावर आपटतो ते 'यात काय शिकायचंय' असं वाटतं तिथे. कचरा टाकणं, घड्याळ बघणं, टेबलावर जाऊन बसणं. बरोबर कोणी असेल तर निदान त्याच्यावर ढकलता तरी येतं!

तर किस्से येऊ द्या. आणि एक खरा प्रश्न : एकटे असताना अडलात तर गर्दीतून नेमकं कोणाला गाठून विचारता? मे महिन्यात पुन्हा एकटीच जाणार आहे, लिस्बनला. तिथे कोबान नसणार.

रानमांजर

हसून हसून पुरेवाट. सालीला टोकियो दर्शन घडवलंस की.

पण त्या पोलिसाने विनोद केलेला नाही, बरोबर उत्तर दिलंय. मार्च १९९५मध्ये ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. आपला कचरा आपण घरी न्यायचा, हे तिथे लोकांच्या अंगवळणी पडलंय. बाकी, जिथून केळी घेतलीस त्या कोनबिनीत बहुतेक वेळा पेटी असते.

ओली_चटणी

@रानमांजर, शेवटचं वाक्य लिहिलं नसतंस तरी चाललं असतं.

तांबडा_रस्सा

सिंगापूर. कंपनीनं मशीन बसवायला एकट्याला धाडलेलं. दुपारी हॉकर सेंटरात गेलो. एका छपराखाली गाळेच गाळे, मधी टेबलं, आणि जेवणाच्या सुट्टीत मुंगी शिरायला जागा न्हाई. एक टेबल रिकामं घावलं. वर टिश्यूचं एक पाकीट पडलेलं. म्हटलं वा, काय सोय केलीया, टेबलागणिक टिश्यू फुकट! बसलो. घाम पुसला. लाक्सा तिखट होता, नाक पुसलं. पाकीट निम्मं संपवलं. एवढ्यात एक बाई ताट घेऊन आली आणि माझ्यापुढं नुसती उभी राहिली. काय बोलंना. मी तिलाबी एक टिश्यू दिला.

मागनं कळलं, तिथं टेबलावर पाकीट ठेवलं की जागा धरली. सगळ्या गावाला ठावं हाय. राव, उभ्या जन्मात एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत आलो, आणि दुसऱ्याचा रुमाल मला वळखू आला न्हाई.

खोडसाळ_पंत

तिच्याच टेबलावर बसून तिचाच टिश्यू तिलाच दान केलात. कर्णानंतर तुम्हीच.

तांबडा_रस्सा

@पंत, बसली की समोर. गप जेवली. जाताना उरलेलं पाकीट मलाच देऊन गेली.

मधली_वेलांटी

धागाकर्तीच्या यादीत घड्याळ आलंय म्हणून लिहितो.

इथिओपिया, अदिस अबाबा. परिषद संपली, मंडळी पांगली, मी मागे राहिलो, कारण मला बहिर दारला जाऊन ताना सरोवर बघायचं होतं. बसचं तिकीट काढलं. खिडकीवरचा मुलगा चांगलं इंग्रजी बोलत होता, भाषेचा काही प्रश्नच नव्हता. म्हणाला, गाडी अकराला सुटते, अर्धा तास आधी या. मी खूश. रात्री जेवून, हॉटेल सोडून, सामानसुमान घेऊन साडेदहाला बसच्या जागी हजर. सगळीकडे शुकशुकाट. एक पहारेकरी, शाल पांघरून बसलेला. त्याला तिकीट दाखवलं. त्याने तिकीट पाहिलं, मला पाहिलं आणि एवढा हसला की त्याची शाल खाली पडली.

तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. म्हणजे माझे 'अकरा' पहाटे पाचला वाजणार होते. हॉटेलची खोली गेलेली, परत जायला वाहन नाही. पहारेकऱ्याने स्वतःचं स्टूल मला दिलं आणि आपण पायरीवर बसला. रात्रभर कोणी जवळून गेलं की तो माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायचा आणि दोघे हसायचे. शेवटी शेवटी मीच आधी हसायला लागलो.

खरी लाज पुढेच आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पंचांग. सूर्योदयापासून घटका मोजत मी लहानाचा मोठा झालो. तिकीट काढताना 'कुठले अकरा?' एवढं विचारायचं सुचू नये?

खोडसाळ_पंत

आणि त्यांचं वर्षही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे चालतं ना? मग तुम्ही उशिरा नव्हे, बरेच आधी पोचलात.

मधली_वेलांटी

हो, आणि महिने तेरा. तेरावा पाच-सहा दिवसांचाच. पगाराचं कसं करतात ते विचारायचं राहिलं.

गडकोट_वेडा

अवांतर : आपला मलिक अंबर तिथलाच. अदिस अबाबातून थेट दौलताबादेत. खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, त्यानेच वसवलं. खुलताबादला कबर आहे, जरूर बघा.

कडक_इस्त्री

@गडकोट_वेडा, अदिस अबाबा हे १८८६ सालचं शहर आहे. मलिक अंबर १६२६मध्ये वारला. तो इथिओपियातला होता एवढंच म्हणा.

आणि आता मूळ विषयावर. या सगळ्या किश्शांना मी फजिती म्हणणार नाही, हा निव्वळ आळस आहे. टोकियोतल्या कचरापेट्या, सिंगापूरचे टिश्यू, इथिओपियाचं घड्याळ, यातलं एकही गुपित नाही. प्रवासाच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळेल. आपण मराठी माणसं चिवडा किती न्यायचा याची यादी करतो, पण जायचंय त्या गावाबद्दल वाचत नाही. फलक वाचा, सूचना वाचा, फजिती होत नाही.

रानमांजर

@कडक_इस्त्री, मी न्यूयॉर्कमध्ये फलक वाचूनच गाडीत बसलो होतो. ८१व्या रस्त्यावर जायचं होतं, नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय बघायला. कोलंबस सर्कलला, म्हणजे ५९व्या रस्त्याला, उभा. निळी लाइन, बरोबर. शहराच्या वरच्या बाजूला जाणारी, बरोबर. गाडी आली, चढलो, दारापाशीच थांबलो, कारण जरा पुढे गेलं की उतरायचंच. ७२ गेलं. ८१ गेलं. ८६, ९६, १०३... खिडकीतून स्टेशनं नुसती सपासप मागे. गाडी थांबली ती थेट १२५व्या रस्त्याला, हार्लेममध्ये. ए गाडी होती ती, मला सी हवी होती. रंग दोन्हींचा निळाच.

गंमत म्हणजे डब्यात माझ्यासारखाच एक जण होता, हातात त्याच संग्रहालयाचा कागद. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही 'आम्हाला हार्लेमलाच यायचं होतं' असा चेहरा केला.

कडक_इस्त्री

तिथल्या जुन्या नकाशात काळा ठिपका म्हणजे फक्त लोकल थांबायची, पांढरा म्हणजे एक्स्प्रेससुद्धा. ८१ला काळा होता. वाचलं नाहीत. आणि तुम्ही मुंबईचे ना? दादरला फास्ट पकडून पार्ल्याला उतरायला निघालेल्या माणसाला आपण काय म्हणतो?

रानमांजर

काही म्हणत नाही. अंधेरीला उतरवतो आणि परतीची स्लो दाखवतो.

सायलेंट_मोड

वाचनमात्र होते, पण आयडी जागा करावा लागला. इस्तंबूल.

गलाता पुलाकडे चालले होते. पुढे एक बूटपॉलिशवाला, खांद्यावर पेटी. त्याचा ब्रश पडला, त्याला कळलंच नाही. मी उचलला, हाका मारत धावले, हातात दिला. त्याचे डोळे भरून आले. छातीवर हात ठेवला, मला बसवलं, आभार म्हणून बूट चमकवून देतो म्हणाला. मी नको नको म्हणेपर्यंत सुरुवात झालेली. मधे मधे गावाकडची मुलं, आजारपण. शेवटी पैसे मागितले, बऱ्यापैकी. मी दिले आणि मोकळी झाले. चार पावलं पुढे आल्यावर खाली बघितलं. माझे बूट कॅनव्हासचे होते. पांढरे. आता त्यांवर काळं पॉलिश.

ब्रश पाडणं ही तिथली नामी युक्ती आहे, हे नंतर वाचलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाचा ब्रश माझ्यापुढे पडला. मी तो ओलांडून गेले. मागून हाक आली, "मॅडम! ब्रश!"

कडक_इस्त्री

ही फसवणूक आहे. याला हसणं म्हणजे तिला प्रोत्साहन देणं.

तांबडा_रस्सा

पांढऱ्या कॅनव्हासला काळं पॉलिश म्हटल्यावर हसू येणारच की वो सायेब. तुमी हसू नका, आमी हसतो.

निळी_शाई

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय, हसणाऱ्यांचा रसभंग करायचा हेतू नाही. मधली_वेलांटी रात्रभर बस स्टँडवर बसले आणि तो किस्सा झाला. त्यांच्या जागी मी असते तर साडेदहाला तिथे कोणी नाही हे बघताक्षणी माझी पाचावर धारण बसली असती आणि किस्सा वगैरे सुचला नसता. मी पुष्कळ एकटी फिरते. त्यामुळे माझ्याकडे फजित्या कमी आणि रद्द केलेले बेत जास्त आहेत. संध्याकाळचा अमुक रस्ता नको, तमुक गाडी नको. फजितीची चैन सगळ्यांना सारखी परवडत नाही, एवढंच.

मधली_वेलांटी

@निळी_शाई, हे मान्य. लिहिताना डोक्यात आलं नव्हतं. त्या पहारेकऱ्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मीही आज हे रंगवून सांगत नसतो.

ओली_चटणी

निळी_शाई, +१. म्हणूनच तो 'कोणाला विचारता' हा प्रश्न टाकला होता, आणि त्याचं उत्तर अजून एकानेही दिलेलं नाही. सगळे आपापली रामकहाणी सांगून पसार.

भाकरी_ग्रुप

उत्तर सोपं आहे. एकटं जायचंच नाही! आम्ही दरवर्षी ग्रुपने जातो. मराठी टूर मॅनेजर, रात्री वरण-भात, कोणाला काही विचारायला लागत नाही.

खोडसाळ_पंत

आणि बसमध्ये पुढची सीट कोणाची यावरून पॅरिस ते झुरिक भांडण. खिडकीतून आल्प्स गेला तरी कोणाला पत्ता नाही.

भाकरी_ग्रुप

ते एकदाच झालं होतं. (तुम्ही त्या बसमध्ये होता का?)

हिरवा_माठ

माझी कहाणी सांगतो, मग प्रश्नाचं उत्तर देतो. दोन्हींचा संबंध आहे.

बल्गेरियात लोक 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी. कडक_इस्त्री, हे मी वाचून गेलो होतो! विमानात सराव केला. सोफियात पहिल्याच सकाळी बेकरीत. काउंटरवर एक मावशी. बानित्साकडे बोट दाखवून विचारलं, यात मांस? मान उभी हलली. म्हणजे नाही. घेतलं, खाल्लं, आत पांढरं चीज. सुरेख. माझा आत्मविश्वास वाढला.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर तिची मुलगी. पुन्हा बोट, पुन्हा प्रश्न. मान उभी. घेतलं. पहिल्याच घासाला खिमा. झालं असं, की तरुण मुलं परदेशी माणूस दिसला की त्याच्या सोयीसाठी आपली मान उलटी फिरवतात. म्हणजे आता मान बघून उपयोग नाही, आधी वय बघा. त्यात माझी स्वतःची मान! ती उभी ना आडवी. आपण 'बरं, ठीक, चालेल' असं सगळं मिळून जे डोलावतो ते. मुलीने विचारलं, अजून एक देऊ का? मी डोलावलं. तिने आईला हाक मारली. दोघी माझ्या मानेकडे बघत उभ्या.

तर उत्तर. दुकानदाराला विचारू नका, त्याला विकायचं असतं. घाईत चालणाऱ्याला विचारू नका, तो काहीतरी दिशा दाखवून सुटतो. कुत्रा फिरवणाऱ्याला विचारा. तो नक्की त्याच भागात राहणारा असतो, त्याला वेळ असतो, आणि कुत्रा थांबला की त्यालाही थांबावं लागतं.

निळी_शाई

कुत्र्याचं पटलं. माझी पसंती : लहान मूल बरोबर असलेली आई, नाहीतर ग्रंथालय. छोट्यातल्या छोट्या गावातलं ग्रंथालय चालतं. आत शौचालय असतं, ऊब असते, आणि माहिती सांगायचाच पगार घेणारी व्यक्ती बसलेली असते.

रानमांजर

जर्मनीत रविवारी मात्र बहुतेक ग्रंथालयं बंद. सगळंच बंद. बर्लिनला शनिवारी रात्री उशिरा पोचलो होतो. 'सकाळी दूध-ब्रेड घेऊ' म्हणून झोपलो. सकाळी सुपरमार्केटला कुलूप, दुसऱ्यालाही, तिसऱ्यालाही. मला वाटलं शहरात काहीतरी घडलंय. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींनी (हिरवा_माठ, खरंच कुत्रा होता) मोठ्या रेल्वे स्टेशनवर पाठवलं. तिथली दुकानं रविवारीही उघडी असतात.

कडक_इस्त्री

जर्मनीतली रविवारची सुट्टी त्यांच्या राज्यघटनेने राखलेली आहे. वाचलं असतंत तर...

तांबडा_रस्सा

...तर उपाशी न्हाई ऱ्हायला असता. ठावं हाय. सायेब, तुमची एकबी फजिती न्हाई व्हय?

कडक_इस्त्री

नाही.

खोडसाळ_पंत

यांच्या सौंना धाग्यावर बोलवा.

मांडवीकाठ

पणजीहून लिहिते. ओली_चटणी, लिस्बनला माझी मावशी असते, मी पुष्कळदा जाते. तिथे भरपूर गोंयकार आहेत, त्यामुळे कोणाला विचारू याची काळजी नको. माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये सरळ कोकणीत बोलून बघ, एखादी मान वळतेच.

दोन गोष्टी लक्षात ठेव. तिथले फूटपाथ छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत, वापरून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की उतारावर केळ्याच्या सालीची गरज नाही. रबरी तळव्याचे बूट ने. आणि २८ नंबरच्या ट्रॅममध्ये पर्स पुढे धर.

हो, अजून एक. खानावळीत बसलीस की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते पाहुणचाराचं नसतं. खाल्लंस तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कोणी वाईट मानत नाही.

ओली_चटणी

अरे बापरे. हे मी शंभर टक्के फुकट समजून खाल्लं असतं, वर अजून मागितलं असतं. धन्यवाद गं! वाचनखूण साठवली.

तांबडा_रस्सा

@मांडवीकाठ, आणि टेबलावर टिश्यू असला तर?

मांडवीकाठ

वापरा हो. तो फुकट.